बांबोळीला जाते, एवढंच सांग

वाचक विचारते:

ताई, मी २९ वर्षांची. घर फोंडा तालुक्यात, नोकरी पणजीत, एका खासगी ऑफिसात हिशेबाचं काम. मार्चपासून झोप उडाली आहे. रात्री दोन-अडीचला जाग येते ती येतेच. ऑफिसात आकडे दिसतात, पण डोक्यात शिरत नाहीत. संध्याकाळच्या बसमध्ये रायबंदर आलं की कारण नसताना रडू येतं, मग ओढणी तोंडावर घेऊन झोपल्याचं सोंग करते. वजन सहा किलो उतरलं. आईला वाटतं दिष्ट लागली. बाबांनी देवळात प्रसाद लावला, म्हणजे मूर्तीवर पाकळ्या लावून देवाचा कौल विचारला. पणजीतल्या एका समुपदेशक बाईंकडे दोनदा गेले. तासाला दीड हजार, आणि सगळं बोलणं इंग्रजीत. ‘आय ॲम फाइन’ म्हणून परत आले. बांबोळीला सरकारी इस्पितळ आहे हे ठाऊक आहे, पण माझी सख्खी मावशी तिथल्याच गोवा मेडिकल कॉलेजात, म्हणजे ‘मेडिकल’मध्ये, नर्स आहे. त्यात माझ्या सोयरिकीची बोलणी चालू आहेत. गोव्यात कोणाला कळणार नाही असं काही राहतं का? कधीकधी वाटतं, सकाळ झालीच नाही तर बरं. कुठे जाऊ, कोणाला भेटू, नीट सांगा.

ता. क. चवथ तीन आठवड्यांवर आली. वाड्यावरच्या फुगडीच्या पथकात मी दरवर्षी असते. यंदा नको म्हणून कळवू का?

उत्तर:

बाय,

जाता जाता लिहिल्यासारखं जे वाक्य तू शेवटाला टाकलंस, ते मी सगळ्यात आधी घेते. ‘सकाळ झालीच नाही तर बरं.’ सदर छापून यायला दिवस लागतात, म्हणून पत्र वाचलं त्याच संध्याकाळी तुला ईमेल केली होती. तिच्यात विचारलं तेच इथेही विचारते, कारण तुझ्यासारखंच वाटणारं आणखी कोणी हे वाचत असेल. सकाळ होऊ नये एवढंच वाटतं, की स्वतःला काही करून घ्यावं असंही मनात येतं? कसं, कधी, इथपर्यंत विचार गेला आहे का?

असं तोंडावर विचारलं की नसलेलं खूळ डोक्यात भरतं, असा आपल्याकडे समज आहे. तो खोटा आहे. विचारलं की माणूस बहुतेकदा सुटल्यासारखा श्वास सोडतो. तुझं उत्तर आलं, ‘नाही ताई, तसलं काही नाही, फक्त दमले आहे.’ म्हणून पुढचं निवांत लिहिते. पण हे उत्तर एखाद्या रात्री बदललं, तर हे पत्र शोधत बसू नकोस. आईला उठव, एकटी राहू नकोस, १०८ ला फोन लाव, नाहीतर सरळ मेडिकलची कॅज्युअल्टी गाठ. ती रात्रभर उघडी असते. पोलिसांचं लचांड मागे लागेल ही जुनी भीतीही सोड. २०१७ सालचा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याचं ११५ वं कलम सांगतं की असा प्रयत्न करणारं माणूस तीव्र ताणाखाली होतं असंच धरून चालायचं, त्याच्यावर खटला भरायचा नाही, आणि त्याची काळजी घेणं हे सरकारचं काम.

आणि अडीच वाजताच्या त्या जागरणासाठी एक नंबर मोबाइलमध्ये आजच घालून ठेव: १४४१६. हे ‘टेलिमानस’. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ ला, म्हणजे जागतिक मानसिक आरोग्य दिनी, सुरू केलं. चोवीस तास चालतं, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. फोन लागला की आधी यंत्राचा आवाज भाषा विचारतो, त्याला कंटाळून ठेवू नकोस. मग प्रशिक्षित समुपदेशक बोलतात, आणि गरज दिसली तर मानसोपचारतज्ज्ञाशी जोडून देतात. मुख्य म्हणजे पलीकडे बसलेली बाई तुझी मावशी नसते.

आता तुझ्या खऱ्या प्रश्नाकडे येते. ‘कुठे जाऊ’ हा तुझा प्रश्न नाहीच. बांबोळीला सरकारी इस्पितळ आहे हे तुझं तूच लिहिलंस. तुझा प्रश्न आहे, ‘कोण पळयत?’ कोणी बघितलं तर?

हा प्रश्न मी हसण्यावारी नेणार नाही. मुंबईत माणूस दोन स्टेशनं पलीकडे गेला की अनोळखी होतो. आपल्याकडे पेडण्यापासून काणकोणापर्यंत कुठेही जा, तिसऱ्या वाक्याला ‘तूं कोणाली गो?’ येतंच, आणि पाचव्या वाक्याला नातं निघतं. अडीअडचणीला हेच नातं धावून येतं आणि अशा वेळी तेच आडवं येतं. दूर अंतरावर जायला लागतं म्हणून उपचार न घेणारी माणसं देशात पुष्कळ आहेत. गोव्यात मात्र इस्पितळ अर्ध्या तासावर असून, वाटेत कोणी ओळखीचं भेटेल म्हणून वर्षानुवर्षं घरी राहिलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यातलं एक माझ्याच घरातलं.

माझा धाकटा भाऊ. सात-आठ महिने खोलीबाहेर येईना. आम्ही काय काय केलं त्याची यादी देत नाही, तू फोंडा तालुक्यातली आहेस, तुला ती पाठ असेल. शेवटी मी त्याला बांबोळीला नेलं. बसमधून उतरल्यावर पदर असा घेतला की जणू मीच पेशंट. आत बाकावर बसतो न बसतो तोच समोर कोण, तर मी जिथे शिकवायचे त्या शाळेचे निवृत्त हेडमास्तर, शेजारी त्यांची पत्नी. माझ्या पायाखालची जमीन सरकली. त्यांनी मला बघितलं, मी त्यांना बघितलं. क्षणभर कोणाला काही सुचेना. मग ते म्हणाले, ‘जेवलात?’ मी म्हटलं, ‘जाऊन जेवू.’ संपलं. या गोष्टीला अकरा वर्षं झाली. फोंड्याच्या बाजारात ते आजही भेटतात, आणि इतरांना करतात त्याहून जरा खाली वाकून मला नमस्कार करतात. गावात एक अक्षर फुटलेलं नाही, त्यांच्याकडूनही नाही, माझ्याकडूनही नाही. त्या बाकावर तुला जो कोणी बघेल, तोही त्याच बाकावर बसलेला असेल, बाय. हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर माझ्या भावाचे काही महिने वाचले असते.

दुसरी गंमत म्हणजे ‘बांबोळी’ या शब्दातच किती आडोसा आहे, हे लोकांच्या लक्षात येत नाही. बांबोळीला मेडिकल आहे, दातांचं कॉलेज आहे, आणि तिथेच आपली मानसोपचाराची संस्था आहे. तिचं लांबलचक नाव मनोरुग्णालय आणि मानवी वर्तणूक संस्था या धर्तीचं, पण लोक आयपीएचबीच म्हणतात. ‘बांबोळीला जाते’ म्हटलं की ऐकणारा मनात अक्कलदाढ धरतो, चष्मा धरतो, काकूचं ऑपरेशन धरतो. ऑफिसात एवढंच सांग. पणजीच्या कदंब स्थानकावरून मेडिकलची बस मिळते. सकाळी लवकर गेलीस तर अर्ध्या दिवसाच्या रजेत होतं. ओपीडीला गर्दी असते, तेव्हा डबा आणि वाचायला काहीतरी घेऊन जा. आधार कार्ड विसरू नकोस.

मी लहान असताना हे इस्पितळ पणजीत आल्तिनोवर होतं, आणि ‘आल्तिनोक व्हरूंक जाय’, म्हणजे आल्तिनोला न्यायला हवं, ही आमच्याकडची जिभेवरची शिवी होती. त्या जुन्या इस्पितळाला नाव होतं आबे फारियाचं. तोच फारिया, ज्याचा पुतळा तू मांडवीकाठी जुन्या सचिवालयाशेजारी पाहिला असशील, आडव्या होत चाललेल्या बाईवर हात पसरून उभा असलेला. १९४५ सालचा, गोमंतकीय शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला. पर्यटक त्याला जादूगार समजून फोटो काढतात. फारिया कांदोळीला १७५६ मध्ये जन्मला आणि पॅरिसात त्याने संमोहनाचे प्रयोग केले. संमोहन करणाऱ्याच्या अंगात काही शक्ती नसते, जे घडतं ते समोरच्याच्या मनात घडतं, असं त्याने तेव्हा सांगितलं. त्याची एक गोष्ट आमच्या पिढीला तोंडपाठ आहे. तरुणपणी पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचनाला उभा राहिला आणि एवढे मोठे लोक बघून त्याची वाचाच बसली. तेव्हा त्याचे वडील मागून कोकणीत कुजबुजले म्हणे, ‘ही सगळी भाजी! कातर रे भाजी!’ आणि पोराला कंठ फुटला. बांबोळीच्या फाटकातून आत शिरताना मी हे वाक्य मनात म्हटलं होतं. हेडमास्तर दिसेपर्यंत उपयोगी पडलं.

मावशीचं आता. आयपीएचबी वेगळी संस्था आहे, तिचे केसपेपर वेगळे. मेडिकलमधल्या नर्सने तुझा केसपेपर बघायचं काही कारण नाही. शिवाय त्याच २०१७ च्या कायद्याचं २३ वं कलम रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क देतं. जिवाला धोका, कोर्टाचा हुकूम, असे मोजकेच अपवाद. तू सज्ञान आहेस, तपासून घ्यायला बाबांची सहीही लागत नाही. हे झालं कायद्याचं. मला विचारशील तर पहिली भेट झाली की मावशीला तूच सांग. आधी सांगितलेली मावशी आपल्या बाजूची होते. मागाहून कळलेली मावशी बातमी होते. आणि एवढी वर्षं वॉर्डात काढलेली बाई दिष्टीच्या गोष्टी करणार नाही. आईला समजावायला तुला घरातलंच कोणीतरी लागणार आहे.

बांबोळी तरी नकोच वाटत असेल तर दुसऱ्या वाटा आहेत. मडगाव आणि म्हापशाच्या जिल्हा इस्पितळांत मानसोपचाराचे डॉक्टर असतात. फोंड्याच्या उपजिल्हा इस्पितळात जाऊन मानसोपचाराचे डॉक्टर कुठल्या वारी बसतात ते विचार. विचारायला लाज वाटली तर ‘शेजारणीसाठी’ म्हण. काउंटरवरच्या माणसाने असल्या शेजारणी खूप पाहिलेल्या असतात.

आता ज्या गोष्टीवर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ती. त्या बाईंकडे तू दोनदा गेलीस आणि इंग्रजीत ‘आय ॲम फाइन’ म्हणून आलीस. मला वाटतं, तिथे तुझे तीन हजार रुपये फुकट गेले ते बाई वाईट होत्या म्हणून नव्हे. तू कोकणीत रडतेस, मराठीत विचार लिहून काढतेस, आणि इंग्रजी तुला फक्त ऑफिसच्या मेलपुरतं येतं. ‘आंग जड जाता’, ‘पोटांत खड्डो पडता’, ‘काळीज धडधडता’ हे इंग्रजीत सांगायला गेलं की त्याचं ‘लो फील करते’ होतं, आणि ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. पणजीत चांगल्या घरातली, चांगली शिकलेली समुपदेशक मंडळी इंग्रजीतून सुरुवात करतात, कारण त्यांचं शिक्षण त्या भाषेत झालं. पण बहुतेकांना कोकणी येते! तू मागितलीच नाहीस. पुढच्या वेळी, कोणाकडेही गेलीस तरी, पहिलं वाक्य हे: ‘मी कोकणीत बोलेन, चालेल?’ नाही चाललं तर उठून ये.

हे माझं घरगुती मत नव्हे. याचा पुरावा गोव्यातच तयार झाला आहे आणि तो जगभर सांगितला जातो, आपल्यालाच ठाऊक नसतो. १९९६ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यात ‘संगाथ’ ही संस्था सुरू केली. पर्वरीच्या बाजूला तिचं काम चालतं. त्यांनी एक साधा प्रश्न घेतला: मानसोपचारतज्ज्ञ मोजकेच असतील, तर गावातल्याच माणसांना शिकवून, त्यांच्याच भाषेत, आरोग्य केंद्रात बसवून नैराश्यावर उपचार करता येतील का? ज्यांची मानसशास्त्राची पदवी नव्हती अशा स्थानिक माणसांना त्यांनी शिकवलं. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, तीव्र नैराश्य असलेल्यांना या समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकांचा उपचार दिला. तीन महिन्यांनी पाहिलं तर, हा उपचार मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक त्या नैराश्यातून बाहेर आले होते. फक्त केंद्रातल्या डॉक्टरची नेहमीची सेवा मिळालेल्यांत हा आकडा ३९ होता. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात हे छापून आलं. फोंड्याच्या मुलीला आपल्या भाषेत बोलून बरं वाटू शकतं, हे लंडनच्या साप्ताहिकाने मान्य केलं आणि आपण अजून ‘आय ॲम फाइन’ म्हणतोय.

त्या बैठकांत काय करायचे, तेही सांगते, कारण तुझ्या ताजा कलमाशी त्याचा संबंध आहे. मन उदास झालं की माणूस एकेक गोष्ट सोडत जातो. सोडल्यामुळे दिवस रिकामा होतो, रिकाम्या दिवसात मन आणखी उदास होतं. आपण म्हणतो, ‘बरं वाटलं की करीन.’ तिथे उलटं शिकवतात: थोडंसं कर, बरं मागाहून वाटेल. सोडलेल्या गोष्टींतली एक निवडायची, ती एवढीशी करायची की टाळायला लाज वाटावी, वार आणि वेळ लिहून ठेवायची, आणि पुढच्या बैठकीत काय झालं ते सांगायचं. ऐकायला फालतू वाटतं. मलाही वाटलं होतं.

कोणाकडे जायचं याचा घोळ असतो, तो थोडक्यात सोडवते. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे डॉक्टर, तोच औषध लिहितो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ औषध देत नाही, तपासण्या आणि बोलण्याचे उपचार करतो. त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, नंबर मागायला संकोच करू नकोस. समुपदेशक ही पाटी मात्र आपल्याकडे कोणीही लावू शकतो, म्हणून शिक्षण कुठे झालं, किती वर्षं काम केलं, हे विचारायचंच. ‘पाच सिटिंगमध्ये गॅरंटी’ म्हणणाऱ्याकडून, पॅकेजचे पैसे आधी मागणाऱ्याकडून आणि तुझ्यापेक्षा जास्त बोलणाऱ्याकडून निघून ये. तुझी झोप, वजन, पाच महिन्यांचा काळ बघता मी तुला आधी मानसोपचारतज्ज्ञाकडेच पाठवीन. मी डॉक्टर नाही. पण असं काही दोन आठवड्यांहून जास्त टिकलं की दाखवून घ्यावं, आणि तुझे तर पाच महिने झाले.

जाण्याआधी फॅमिली डॉक्टरकडून थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासून घे. थायरॉइड बिघडला की झोप, वजन, मन, सगळं बिघडतं, आणि ते रक्ताच्या एका तपासणीत कळतं.

आणि एक कागद लिही. डॉक्टरसमोर बसलं की पाच महिने पाच वाक्यांत मावत नाहीत, रडू तरी येतं नाहीतर ‘बरी आहे’ तरी निघतं. कधीपासून, किती झोप, किती वजन, काय जमेनासं झालं, घरात आधी कोणाला असं झालं होतं का, कुठल्या गोळ्या चालू आहेत, आणि ते सकाळ न होण्याचं वाक्यही. ते वाक्य गाळू नकोस. बोलता आलं नाही तर कागद सरळ पुढे कर. डॉक्टरांना सवय असते.

औषध दिलं तर घाबरू नकोस आणि घाईही करू नकोस. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. सुरुवातीला मळमळतं, डोकं जड होतं, आणि नेमकं तेव्हाच लोक गोळ्या टाकून देतात. बरं वाटायला लागल्यावरही काही महिने चालू ठेवायच्या असतात, आणि थांबवायच्या त्या डॉक्टरला विचारून, हळूहळू. झोपेच्या गोळीचं प्रकरण वेगळं. माझ्या स्वतःच्या एका वाईट काळात एका दवाखान्यात मला झोपेची गोळी मिळाली. मग दर महिन्याला तीच चिठ्ठी, कंपाउंडरच्या हातून, डॉक्टरने मान वर करून न बघता. सहा महिन्यांनी मला गोळीशिवाय डोळा मिटता येईना. त्यातल्या काही गोळ्यांची सवय लागते हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तू विचार: ‘ही किती दिवस? याची सवय लागते का?’ विचारल्याने कोणी रागावलं तर तो त्याचा प्रश्न.

पैशांचं फारसं लिहीत नाही. सरकारी वाट धरलीस तर खिशाला चटका बसणार नाही. खासगीत जायचं झालं तर फी कमी होईल का असं फोनवरच विचार, पुष्कळ जण करतात. ऑफिसच्या आरोग्य विम्यात मानसिक आजार शारीरिक आजारांसारखेच धरले पाहिजेत असं कायदा म्हणतो, पण तो बहुधा इस्पितळात भरती झाल्यावर कामाला येतो, तासाच्या फीला नाही.

बाबांशी भांडू नकोस. त्यांनी प्रसाद लावला म्हणजे ते घाबरले आहेत, आणि घाबरल्यावर जिथे जायची सवय आहे तिथे गेले. आमच्या वाड्यावरच्या एका म्हाताऱ्याची सून अशीच खंगत होती. तो देवाला विचारायला गेला तेव्हा मुलाने हळूच सुचवलं, ‘बांबोळीला नेऊ का, तेच विचारा ना.’ पाकळी उजवी पडली! म्हातारा दुसऱ्या दिवशी पहिल्या बसला सुनेबरोबर हजर. तुझ्या बाबांनी काय विचारलं होतं ते विचार. प्रश्न बदलून बघायला देवाची हरकत नसावी.

सोयरिकीचं: बघायला आलेल्या प्रत्येकाला केसपेपर दाखवायचं काही कारण नाही. पण ज्याच्याबरोबर खरंच ठरेल त्याला, नारळ-साखरेच्या आधी, तू एकटीने, घरच्यांना मध्ये न घेता सांग. ऐकल्यावर त्याचा चेहरा कसा होतो ते बघ. तेवढ्यात पुष्कळ कळतं. आणि आत्ता, या महिन्यात, बोलणी थांबवता आली तर थांबव. दोन-तीन महिन्यांनी काही बिघडत नाही. आईला सांग, ‘अशक्तपणा भरून येऊ दे.’ खोटंही नाही ते.

गोव्यात म्हापशाच्या बाजूला ‘कूज’ ही संस्था आत्महत्या रोखण्यासाठी काम करते, त्यांच्याकडेही माणसं ऐकायला असतात. आणि अडीचला जाग आली, फोन करण्याइतकं काही नाही पण एकटं वाटतं, अशा वेळी ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्याच्या संस्थेचे मराठी व्हिडिओ यूट्यूबवर आहेत. ही संस्था डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केली. आपल्या आयपीएचबीशी नाव जुळतं, पण नातं नाही. मी ते भाजी निवडताना ऐकते. रात्री मात्र मोबाइल पालथा घालून फक्त आवाज ऐक, उजेडाने उरलीसुरली झोप जाते.

आता फुगडी. नको म्हणून कळवू नकोस. आणि दरवर्षीसारखी रात्रभर घालशील असंही म्हणू नकोस, सहा किलो उतरलेल्या अंगाने घेरी येईल. पथकात तुझी जी जवळची असेल तिला आत्ताच सांगून ठेव, ‘मी येईन, दोन फुगड्या घालीन, मग बसून गाणी म्हणेन.’ सरावाचा पहिला वार कॅलेंडरवर लिही. त्या दिवशी नेमकं सगळ्यात जास्त जाऊ नये असं वाटेल, तरीही चप्पल घाल आणि अंगणापर्यंत जा. तिथून परत यावंसं वाटलं तर ये. मला कळव, कुठपर्यंत गेलीस ते. आणि त्याच कॅलेंडरवर, त्या वाराच्या आधीचा एखादा गुरुवार बघून, बारीक अक्षरात ‘दात’ असं लिहून ठेव.